आठवी ब, २०१० : वसईच्या किल्ल्यातली एक कबुली

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.)



लोकलने जाऊन एका दिवसात बघून येता येतील अशा जागांवर एक भाग कर, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. तर आज आपण वसईच्या किल्ल्यात जाऊ या. कसं जायचं, काय बघायचं, इतिहास काय, हे सगळं येईलच. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. ती शेवटी ठेवली असती तर तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं असतं, एवढं मला कळतं. पण ती मनात ठेवून इतिहास सांगायला बसलो तर मलाच खोटं वाटेल.

तर कबुली ही. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्च आहे, म्हणजे आता त्याचे अवशेष आहेत. त्याच्या आतल्या एका भिंतीवर गिलाव्यात '८ ब २०१०' असं कोरलेलं आहे. ते मी कोरलंय. कर्कटकाने. नाव लिहिलं नाही, कारण नाव लिहायची हिंमत नव्हती. आणि त्याची शिक्षा दुसऱ्याच मुलाने भोगली.

सहल

मी मूळचा नाशिकचा. नाशिकच्या शाळांच्या सहली कशा असतात ते नाशिककरांना माहीत आहे. पहाटे चारला शाळेच्या मैदानात जमायचं, स्वेटर, कानटोपी, पाठीवर दप्तर, दप्तरात पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी. लाल एसटी. कसारा घाट येईपर्यंत गाण्याच्या भेंड्या, आणि घाटात निम्म्या मुलांना उलट्या. आमची सहल होती वज्रेश्वरी, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आणि वसईचा किल्ला.

हा क्रम उगाच नव्हता. आमच्या इतिहासाच्या सरांनी तो ठरवला होता. चिमाजी आप्पांनी वसई घेता यावी म्हणून वज्रेश्वरीला नवस केला आणि यश आल्यावर देवीचं देऊळ बांधलं गेलं, असं सांगतात. म्हणून आधी देऊळ, मग किल्ला. आणि आम्ही नाशिकचे, त्यामुळे गोष्टीचं तिसरं टोक आमच्या घरचं. रामकुंडाजवळ नारोशंकराचं देऊळ आहे, तिथली ती प्रचंड घंटा वसईच्या विजयात पोर्तुगीजांकडून मिळालेली मानतात. माझा बाकावरचा मित्र पंचवटीत राहायचा. तो ती घंटा रोज येता-जाता बघायचा आणि सहलीच्या आधी आठवडाभर 'आपली घंटा जिथून आणली तिथं चाललोय' असं सगळ्यांना सांगत होता.

सर किल्ल्यात उभे राहून जे बोलले ते मला अजून आठवतं. चिमाजी आप्पांनी सैन्याला सांगितलं, किल्ला मिळत नसेल तर माझं डोकं तरी तोफेने आत पोचवा. ही बखरीतली गोष्ट सर अशी सांगायचे की अंगावर काटा यायचा. आम्ही घोषणा दिल्या. तेरा-चौदा वर्षांची पन्नास मुलं, रिकाम्या दगडी भिंती, आवाज घुमतोय. मला वाटलं, हा किल्ला आपण जिंकलाय. आपला आहे.

मग अर्धा तास मोकळा वेळ मिळाला. भिंतीवर आधीच खूप काय काय लिहिलेलं होतं. बाण घुसलेली हृदयं, नावं, कुठल्या कुठल्या गावांची नावं. मला वाटलं, आपलंही असावं. माझं कंपासपेटीतलं कर्कटक हरवलेलं होतं. मी मित्राचं मागितलं. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, दे ना. त्याने दिलं. तो पाणी प्यायला गेला आणि मी कोरलं. परत आल्यावर कर्कटक त्याच्या हातात दिलं.

दहा मिनिटांनी सरांना भिंतीवर ताजी पांढरी रेघ दिसली. गिलाव्याचा वरचा थर जुना, काळपट असतो. ओरखडा काढला की आतला पांढरा चुना दिसतो, लपत नाही. सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि कंपासपेट्या उघडायला लावल्या. त्याच्या कर्कटकाच्या टोकाला पांढरी पूड होती.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

त्याला दोन थोबाडीत बसल्या आणि उरलेली सहल बसमध्ये बसून राहायची शिक्षा झाली. आम्ही सगळे समुद्राकडच्या दरवाज्यातून बाहेर जाऊन होड्या बघून आलो. त्याने सरांना माझं नाव सांगितलं नाही. मला नंतर विचारलंही नाही. नववीत तुकड्या बदलल्या. मग मी इंजिनीअरिंगला गेलो, बीटेक झालं, मुंबईत नोकरी लागली. आमचं बोलणं 'हॅपी बर्थडे'पुरतं राहिलं.

ही गोष्ट मी चौदा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती फार मोठी आहे असं मी म्हणत नाही. पण ती गेली नाही, एवढं खरं.

परत

गेल्या वर्षी ऑफिस बदललं आणि मी पश्चिम रेल्वेच्या बाजूला भाड्याने राहायला आलो. रोज विरार लोकलच्या डब्यात वसई रोड स्टेशनचं नाव ऐकू येतं. रोज. एका शनिवारी प्रॉडक्शनला काही पेटलेलं नव्हतं, फोन शांत होता. मी उतरलो.

स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षाने किल्ल्याकडे जायचं. रस्ता वसई गावातून जातो. वाड्या, केळीच्या बागा, क्रूस, देवळं, जुनी कौलारू घरं. मुंबईच्या इतक्या जवळ असं काही उरलंय यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. मग अचानक रस्ता एका जाड तटबंदीतून आत शिरतो आणि तुम्ही किल्ल्यात असता. हा डोंगरी किल्ला नाही. चढायचं काही नाही. भिंतीच्या आत वसवलेलं हे एक अख्खं शहर होतं, आणि त्या शहराची छपरं गेलीत, भिंती राहिल्यात. ताड, वड, पिंपळ, वेली. किल्ल्यातून जाणारा रस्ता पुढे किल्लाबंदरच्या कोळीवाड्याला जातो, त्यामुळे अवशेषांच्या मधून माशांच्या टोपल्या घेऊन जाणारे टेम्पो आणि शाळेत जाणारी मुलं जात असतात. मला हे फार आवडलं. किल्ला पडलाय, पण वाट वापरात आहे.

आता थोडा इतिहास. सालं थोडी, गोष्ट जास्त.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्याच तहात मुंबईची बेटंही गेली. मुंबई पुढे १६६१ साली इंग्लंडच्या राजाला पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मिळाली ती इथून. म्हणजे ज्या काळात मुंबई म्हणजे काही कोळीवाडे आणि नारळाच्या वाड्या होत्या, त्या काळात शहर म्हणावं असं वसई होतं. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या प्रांताचं हे मुख्य ठाणं. आत चर्च, मठ, दवाखाना, तुरुंग, सरदारांची घरं. आज आपण ज्याला 'वसईचा किल्ला' म्हणतो ते त्यांच्या लेखी 'बसाईं' नावाचं शहर होतं.

आतली चर्च बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ती वेगवेगळ्या संघांची होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, प्रत्येकाचं वेगळं चर्च, वेगळा मठ. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये गेलात तर पायाखाली बघून चाला. फरशीत थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने, वेळ घेऊन, सरळ ओळीत कुणाचं तरी नाव कोरलं. मी तिथे बराच वेळ उभा होतो. दगडावर नाव तेही आहे आणि भिंतीवर नाव हेही आहे. फरक काय, हा प्रश्न मला तिथे पडला.

जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग सगळ्यात देखणा आहे, खांब आणि कमान अजून शाबूत. गोन्सालो गार्सिया यांचं नाव तुम्ही वसईत जागोजागी वाचाल. ते वसईचे, शिकले इथल्याच जेझुइटांकडे, पुढे जपानला गेले, आणि १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रूसावर मारण्यात आलं. १८६२ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं. हे फक्त परक्यांचं ठिकाण होतं असं आमच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. इथे या मातीतली माणसंही होती. वसईच्या आजूबाजूची ख्रिस्ती गावं, त्यांच्या मराठीच्या बोली, त्यांची लग्नगाणी, हे सगळं आजही आहे. आमच्या सहलीच्या गोष्टीत फक्त 'आपण' आणि 'ते' होतं. ही माणसं त्यात बसत नव्हती, म्हणून ती आम्हाला दिसली नाहीत.

मग १७३७ ला मराठ्यांनी साष्टी आणि ठाणं घेतलं, आणि १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी आप्पांचा वेढा वसईला पडला. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, जमिनीची एकच बाजू. तिथल्या तटाखाली सुरुंग खणून लावले. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या बाजूला सुरुंग उडाले, भगदाड पडलं, दोन्हीकडे माणसं मेली. आणि मग पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

पण सरांनी न सांगितलेली गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. शरणागतीच्या अटींत पोर्तुगीजांना शस्त्रांसह, सन्मानाने किल्ल्याबाहेर पडायची मुभा दिली होती. आवराआवर करायला दिवस दिले होते. इतकी माणसं गमावल्यावरही. सरांच्या गोष्टीतला तोफेचा आवेश मला तोंडपाठ होता, हा संयम मला कुणी सांगितला नव्हता. किल्ला ज्यांनी खरंच जिंकला ते त्याच्याशी असे वागले. आणि मी, ज्याने काहीच जिंकलं नव्हतं, तो कर्कटक घेऊन आपलेपणा दाखवत होतो.

अजून एक गंमत. गंमत म्हणजे कडू गंमत. १८०२ च्या ३१ डिसेंबरला याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचं स्वातंत्र्य जवळजवळ कागदावर लिहून दिलं. चिमाजी आप्पा म्हणजे त्याच्या आजोबांचे सख्खे भाऊ. मध्ये त्रेसष्ट वर्षं. सहलीत आम्हाला फक्त पहिलं साल सांगितलं होतं. घोषणा देण्यासारखं तेच आहे ना.

भिंत

आता सेंट जोसेफ चर्च. वसईचं मुख्य चर्च. लांबून मनोरा दिसतो तोच. हे १५४६ चं, आणि १६०१ मध्ये नव्याने बांधल्याचा शिलालेख दर्शनी भागावर आहे. आत गेलं की छप्पर नाही, वर आभाळ, दोन्हीकडे उंच भिंती, समोर वेदीच्या जागेवर कमान. छप्पर लाकडी होतं, ते जातं. दगड आणि चुना राहतो.

मी '८ ब' शोधायला लागलो. मला वाटलं होतं सरळ जाऊन बोट ठेवीन. पाऊण तास लागला. काही ठिकाणी दुरुस्ती होऊन नवा गिलावा आलाय. शिवाय माझ्या आठवणीत ते दाराच्या उजवीकडे होतं, निघालं डावीकडे. आणि उंची! मी माझ्या आजच्या डोळ्यांच्या उंचीवर शोधत होतो. आठवीतला मुलगा केवढा असतो हेच विसरलो होतो. शेवटी खाली वाकलो तेव्हा छातीच्या खाली दिसलं. '८' वर कुणीतरी हृदय काढलंय. 'ब' स्पष्ट आहे. '२०१०' मधला शेवटचा शून्य ढासळलाय, म्हणजे तिथला रुपयाएवढा गिलावाच निघून गेलाय.

तो निघालेला तुकडा बघून पोटात खड्डा पडला. कारण मी स्वतःला इतकी वर्षं सांगत होतो की एक रेघ तर आहे, रेघेने काय होतं.

काय होतं ते सांगतो, मी घरी येऊन वाचलं. चुन्याचा गिलावा सिमेंटसारखा एकदा घट्ट होऊन थांबत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होत जातो. वर एक टणक कातडी तयार होते. शेकडो वर्षं जुन्या भिंतीची ही कातडीच तिला वाचवत असते. आपण ओरखडा काढला की कातडी फाटते. आत पावसाचं पाणी शिरतं. समुद्राकाठी हवेत मीठ असतं, ते पाण्याबरोबर आत जातं, पाणी सुकलं की मिठाचे स्फटिक बनतात, ते फुगतात आणि आतून गिलावा ढकलून पाडतात. मग फटीत माती, मातीत पिंपळाचं बी. कोकणात चार पावसाळे म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मी चौदा दिलेत.

सॉफ्टवेअरमध्ये एक बरं असतं. चुकीचा कोड टाकला तर मागे जाता येतं. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद असते, आणि एका कमांडने जुनं परत आणता येतं. भिंतीत नोंद राहते, मागे जाता येत नाही.

मला वाटलं, निदान बुजवून टाकू का? हार्डवेअरच्या दुकानातून पुट्टी आणून? नका करू असलं काही. मी केलं नाही, पण विचार आला होता. एक तर हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे आपण हात लावायचा नसतो, चांगल्या मनानेसुद्धा. दुसरं म्हणजे चुन्यावर सिमेंट किंवा पुट्टी बसवली की भिंतीचा श्वास बंद होतो, ओल आत कोंडते आणि आजूबाजूचा धड भागही पडतो. ज्यांना चुन्याचं काम येतं त्यांनीच ते करायचं असतं. आणि कायद्याचं बोलायचं तर स्मारक विद्रूप करण्याला १९५८ च्या कायद्यात शिक्षा आहेच, २०१० च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वाढवली. वर्ष बघा. २०१०. मी कोरलं तेच.

फोन

भिंत तर दुरुस्त होणार नव्हती. दुसरी गोष्ट राहिली होती.

मी तिथेच वेदीच्या पायरीवर बसून त्याला फोन लावला. नाशिकला अंबडच्या बाजूला त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मागे कुणीतरी पाना आपटत होतं.

"बोल रे, आज कशी काय आठवण?"

मी म्हटलं, "वसईच्या किल्ल्यात आहे."

एक क्षण काही बोलला नाही. मग म्हणाला, "आहे का अजून?"

म्हणजे त्याला माहीत होतं मी कशाबद्दल फोन केलाय. चौदा वर्षांनी, पहिल्या वाक्यात.

मी म्हटलं, "आहे. मी कोरलं होतं आणि तुला मार बसला. मी गप्प बसलो. सॉरी यार. खूप उशिरा म्हणतोय."

तो हसला. म्हणाला, "अरे मार काय, सरांचा मार सगळ्यांनीच खाल्ला. ते माझ्या लक्षातही नाही." मग थांबला. पाना आपटणं थांबलं, बहुतेक तो दुकानाबाहेर आला असावा. आणि म्हणाला, "समुद्र राहिला ना माझा तेव्हा. मी तोवर समुद्र बघितला नव्हता. तुम्ही सगळे परत आलात आणि बसमध्ये नुसतं समुद्र समुद्र चाललं होतं. घरी आई विचारायला लागली, कसा होता समुद्र. मी सांगितलं, मोठा होता."

मला काय बोलावं कळेना.

मी इतकी वर्षं त्या दोन थोबाडीत मोजत होतो. त्याचं खरं काय गेलं ते मला माहीतच नव्हतं. विचारलंच नव्हतं ना कधी. आपण आपल्या चुकीचा हिशोब आपल्या बाजूने मांडतो, आणि समोरच्याचा आकडा वेगळाच असतो.

मी म्हटलं, "ये. तिकीट मी काढतो."

तो म्हणाला, "समुद्र आता दहादा बघून झालाय रे माझा, अलिबाग, गणपतीपुळे, सगळं." मग म्हणाला, "पण येतो."

दोघं

जानेवारीत आला. गाडीने नाही, पहाटेच्या ट्रेनने, डब्यात बायकोने दिलेल्या पुऱ्या घेऊन. मला विचारलं नाही, मुद्दाम आणल्या होत्या की योगायोग होता. मीही विचारलं नाही.

तो आधी भिंतीकडे गेला. वाकला, बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "'ब' किती घाण काढलास. अक्षर तेव्हाही वाईटच होतं तुझं." मग खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं विषय संपला. पण तो पुढे जे बोलला ते सांगण्यासाठी मी हा भाग केला. तो म्हणाला, "एक सांगू? मी पाणी प्यायला गेलो नव्हतो. मी बघत होतो. मला पण वाटत होतं तू लिहावंस. आपला वर्ग तिथे राहील म्हणून." आणि मग, "तू मान खाली घातलीस त्याचा राग आला होता. खूप. दोन वर्षं होता. मग दहावी आली."

बस, एवढंच. राग होता, असं त्याने सांगितलं, आणि मला बरं वाटलं. फोनवर त्याने जे 'लक्षातही नाही' म्हटलं होतं त्याने बरं वाटलं नव्हतं.

मग आम्ही समुद्राकडच्या दरवाज्याने बाहेर पडलो. त्या दरवाज्याची लाकडी दारं आणि त्यांवरचे लोखंडी पत्रे, खिळे अजून आहेत, हात न लावता बघा. बाहेर पडलं की किल्लाबंदर. बोंबील वाळत घातलेले, रंगीत होड्या, जाळी शिवत बसलेली माणसं, आणि समोर वसईची खाडी समुद्राला मिळते ते रुंद पाणी. ओहोटी होती. चिखल जास्त आणि पाणी लांब.

तो म्हणाला, "एवढाच?"

मी म्हटलं, "त्या दिवशी भरती होती."

तो म्हणाला, "म्हणजे मोठा होता ना. आईला बरोबरच सांगितलं होतं मी."

आम्ही तिथेच बसून पुऱ्या खाल्ल्या.

जाणार असाल तर

आता कामाचं. सकाळी लवकर जा, उन्हात सावली शोधावी लागते. पावसाळ्यानंतर ते जानेवारी-फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. पाणी बरोबर ठेवा आणि बूट घाला, गवतात दगड आणि साप दोन्ही असतात. अर्धा दिवस पुरतो असं लोक म्हणतात, पुरत नाही. पडक्या जिन्यांवर आणि तटाच्या कडांवर चढू नका. इथे गाण्यांची, सिनेमांची शूटिंग खूप झालीत, कोल्डप्लेच्या एका गाण्यातही हा किल्ला दिसतो. त्यामुळे शनिवार-रविवारी लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी भरपूर असतात. त्यांना मधून मधून वाट द्या, तेही आपल्यासारखेच काहीतरी जपून ठेवायला आलेले असतात. ते फोटोत जपतात, हे बरं.

आणि मुलांना घेऊन जात असाल तर त्यांना ओरडू नका. माझ्यासारखा मुलगा ओरडण्याने थांबत नाही, तो फक्त नाव लिहायचं टाळतो. त्यांना वाकायला सांगा, एखादा ओरखडा दाखवा, आणि त्याच्या बाजूचा निघालेला गिलावा दाखवा. सेंट जोसेफमध्ये, आत शिरल्यावर डावीकडे, कमरेच्या थोडं वर, 'ब' दिसेल. वाईट अक्षरातला. हा कुणी काढला असं त्यांनी विचारलं तर सांगा, एका माणसाने, आणि तो अजून त्याबद्दल बोलतोय.

तुमच्याकडेही असं एखादं उशिराचं सॉरी शिल्लक असेल तर या आठवड्यात फोन लावून बघा. समोरचा काय सांगेल ते आधी ठरवू नका, एवढंच सांगेन.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.